एकशे बारा उलटे रेणू

पुणे,
३ जून २०२४

प्रिय धम्मा,

अक्षर ओळखलंस का? तुझा माझ्याकडे असलेला नंबर आता गंगाखेडच्या कुणा बाईंकडे गेलाय. त्यांनी मला दोनदा झापलं. तिसऱ्यांदा लावायची हिंमत होईना, म्हणून पिंगळीच्या जुन्या पत्त्यावर लिहितोय. तू परभणीच्या कॉलेजातून निवृत्त होऊन गावातच असतोस असं कळलं. मीही इथल्या नोकरीतून मोकळा झालो. ईश्वरीचे गुडघे गेलेत, बाकी ठीक.

कारण सांगतो. आपलं 'रेणुदर्शन' आठवतंय ना? सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल. लोकांना वेब म्हणजे काय ते धड माहीत नव्हतं आणि आपण रसायनशास्त्राचं मराठी पान काढलं होतं. साखरेचा रेणू, क्लोरोफिलचा रेणू, माउस धरला की पडद्यावर गरगर फिरायचा. पोरं वेडी व्हायची. तर इथली एक संस्था असली जुनी पानं कायमची जतन करणार आहे, आणि त्यात पहिला मान 'रेणुदर्शन'चा. ऑक्टोबरात समारंभ आहे.

संस्थेत मैत्रेयी नावाची एक हुशार मुलगी आहे. ती सगळ्या फायली तपासतेय. तिनं विचारलं, सर, प्रत्येक अणूची जागा आकड्यांत लिहिलीय, हे आकडे आणले कुठून? त्या काळी आपल्याकडे ते काढायचं साधन नव्हतं. खरं सांगू? तू फ्लॉपी पाठवायचास, मी त्या वेबवर चढवायचो. तू मापं कशी घ्यायचास हे मी कधी विचारलंच नाही, की विचारून विसरलो? वय झालं रे.

जरा सविस्तर लिहून पाठव. इतिहासासाठी हवंय.

तुझा,
शंतनु


पिंगळी, जि. परभणी
१४ जून २०२४

मा. डॉ. देऊळगावकर सरांना जयभीम.

पत्र पोचलं. अक्षर लगेच ओळखलं. धम्मशीला म्हणाली, "इतक्या वर्षांनी आठवण आली म्हंजी काम असंल कायतरी." मी तिला गप केलं. पत्रात तुम्ही 'आपलं रेणुदर्शन' असं लिहिलंत, ती ओळ मी तिला दोनदा वाचून दाखवली.

तुम्ही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी सांगितलंच असतं, मला सांगायची लय हौस होती. आता ऐका.

कॉलेजात रेणूंच्या मॉडेलचा डबा एकच होता आणि तो कपाटात कुलपात. म्हणून कुंभाराकडून मातीच्या गोळ्या भाजून घेतल्या, सायकलच्या तारा तोडल्या, कोन मोजायला पुठ्ठा कापला, आणि पुस्तकात बघून एकेक रेणू घरी बांधला. आता बांधलेल्या रेणूचे आकडे कसे काढायचे? लय दिवस डोकं चाललं न्हाई. मग मे महिन्याच्या सुट्टीत एक दिवस अंगणात बघितलं तर दुपारी बाराला माझी सावली माझ्याच पायाखाली. आपल्याकडं मे-जूनात सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, सावली सरळ खाली पडते. झालं! दोन स्टुलांवर खिडकीची काच आडवी ठेवली, काचेला खालून बटर पेपर चिकटवला, काचेवर रेणू ठेवला. प्रत्येक गोळीची सावली बटर पेपरवर. वरून खूण करायला गेलं की हात मधे यायचा, सावली बुजायची. म्हणून मी काचेखाली उताणा झोपायचो आणि खालून पेन्सिलीनं टिंब मारायचो. कुठली गोळी किती उंचीवर आहे ते धम्मशीला वर उभी राहून पट्टीनं मोजायची आणि ओरडून सांगायची. डोक्यावर ओला टॉवेल. साडेअकरा ते साडेबारा, रोज एक तासच काम व्हायचं, पुढं सावली सरकायची. चव्वेचाळीस डिग्रीत शेजारची सगुणाबाई म्हणायची, "मास्तरला ऊन लागलंय, डॉक्टरला दाखवा."

दोन उन्हाळ्यांत दोनशे चाळीस रेणू केले. मग परभणीच्या एका टायपिंग क्लासात आकडे फ्लॉपीवर चढवायचे आणि तुम्हाला पाठवायचे. बटर पेपर मी जपून ठेवले होते, पण वाळवीनं खाल्ले. आता जे आहे ते एवढं डोक्यातच.

एक विचारू का? पानावर काय लिहिलं होतं ते तुमच्या ध्यानात असेल. 'निर्मिती : डॉ. शंतनु देऊळगावकर', आणि खाली बारीक अक्षरात 'परभणीच्या मित्रांचे आभार'. परभणीत पहिलं सायबर कॅफे निघालं तेव्हा, २००१ साली, मी ते पान पहिल्यांदा बघितलं. त्याच महिन्यात माझी बढतीची मुलाखत होती. मी सांगितलं, देशातल्या पहिल्या काही रसायनशास्त्राच्या पानांपैकी एक आम्ही केलंय. ते म्हणाले, नाव दाखवा. नाव कुठून दाखवू? एकजण हसून म्हणाला, "खिल्लारे, तुमच्या घरी लाइट कोणत्या साली आली?" बाकीचेही हसले. मी लेक्चरर म्हणून लागलो आणि जवळपास तसाच निवृत्त झालो.

ते उकरून काढत न्हाई. तुम्ही स्वतःहून लिहिलंत, माझ्यासाठी लय झालं. ऑक्टोबरात माझं नाव लागणार असेल तर तारीख कळवा. धम्मशीलाला घेऊन येईन. उंची तिनंच मोजलीय, आणि तिनं अजून पुणं बघितलं न्हाई.

आपला,
धम्मानंद किशनराव खिल्लारे


पुणे,
९ जुलै २०२४

प्रिय धम्मा,

तुझं पत्र वाचून थक्क झालो. अरे, काय कल्पना! आणि 'सर' काय, 'तुम्ही' काय? एका बाकावर बसलोय आपण. वहिनींना नमस्कार सांग.

आता जरा अवघड बोलायचंय. मैत्रेयीनं एक गोष्ट शोधली होती, ती मी पहिल्या पत्रात लिहिली नाही. उगाच तुझ्या जिवाला घोर नको म्हणून. काही रेणूंना डावं-उजवं असतं हे तुला मी काय सांगायचं, तू जन्मभर तेच शिकवलंस. चपलेच्या जोडासारखं. सगळं तेच, पण डाव्याची उजव्या पायात बसत नाही. आपल्या दोनशे चाळीसपैकी एकशे बारा रेणू असे आहेत. आणि ते सगळेच्या सगळे उलटे आहेत. आपल्या पानावरची साखर जगातल्या कुठल्याही उसात सापडायची नाही.

एखाद-दुसरा चुकला असता तर चाललं असतं. पण एकशे बाराच्या एकशे बारा? पानं निवडणाऱ्या समितीत एकजण तर म्हणाला, हे कुठून तरी ढापून, ढापल्याचं कळू नये म्हणून उलटं केलेलं दिसतंय. विचार कर, मला काय वाटलं असेल. चोरीचा आळ! खुलासा दिला नाही तर पान जतन होणार नाही, समारंभही रद्द.

तुझ्या पत्रानं उलगडा झाला. तू खालून बघत होतास, वहिनी वरून मोजत होत्या. खालून बघितलं की डावीकडचं उजवीकडे जातं. ती टिंबं आणि वरून घेतलेली उंची तू एकाच कागदावर जोडलीस, की रेणू आरशातला झाला. प्रत्येक वेळी. साधी चूक आहे, माणसाकडून होते.

सोबत एक छोटं निवेदन टाइप करून पाठवतोय. 'सन १९९७-९८ मध्ये डॉ. देऊळगावकर यांच्या प्रकल्पात मोजमापाच्या कामी मदत करताना माझ्याकडून अनवधानाने चूक झाली. तिच्याशी डॉ. देऊळगावकर यांचा संबंध नाही.' एवढंच. सही करून पाठव. तुझी नोकरी संपली आहे, पेन्शन चालू आहे, तुला याचा काहीच तोटा नाही. आणि तुझं नाव यावं असं तुला वाटत होतं ना, या निमित्तानं संस्थेच्या दफ्तरात तेही येईल.

घाई आहे. स्पीडपोस्टनं पाठव.

तुझा,
शंतनु


पिंगळी,
१७ जुलै २०२४

शंतनु,

'सर' सोडलं. तूच म्हणालास.

पत्र वाचलं त्या दिवशी मी जेवलो न्हाई. तुझ्यावर राग आला म्हणून नव्हे. आधी उठलो, दोन स्टुलं मांडली, काच आता न्हाई म्हणून वर पातळ कागद ताणला, त्यावर बॅटरी धरली, धम्मशीलाच्या बांगड्यांचा एक रेणू मांडला आणि तपासलं. खरं आहे. उलटा येतोय. एकतीस वर्षं बी.एस्सी.च्या पोरांना हाताचे पंजे दाखवून डावं-उजवं शिकवलं, आणि स्वतः एकशे बारा वेळा चुकलो. मागच्या पत्रात सगळी पद्धत तुला लिहिली, तेव्हासुद्धा ध्यानात आलं न्हाई. शरमेनं मान वर होईना. धम्मशीला म्हणायली, "मी वरनं मोजत होते, तुमी खालनं, मला काय ठावं रेणूला डावं-उजवं असतंय!" तिला वाटायलं चूक तिची आहे. तिची समजूत काढता काढता दोन दिवस गेले.

मग राग आला.

तू पहिल्याच पत्रात हे लपवलंस. मला वाटलं, माझी आठवण झाली. तुला पाहिजे होता माझा जबाब. मी मूर्ख, हौसेनं चार पानं लिहून दिली.

दुसरं. ते पान सव्वीस वर्षं तुझ्या पुढ्यात होतं. व्याख्यानं दिलीस, दिल्लीला गेलास, परदेशात गेलास, पडद्यावर साखर फिरवून दाखवलीस. एकदाही पुस्तकाशी ताडून बघावं वाटलं न्हाई? ज्यानं हातानं केलं त्यानं पहिल्याच दिवशी बघितलं असतं. पण मलाही बोलायला जागा न्हाई. सायबर कॅफेत तासभर बसलो, ते पान दहा वेळा खालीवर केलं. मी माझं नाव शोधत होतो. रेणूकडं बघितलंच न्हाई. बघितला असता तर तेव्हाच चूक सापडली असती. हे मी स्वतःला माफ करणार न्हाई.

तिसरं. देवगाव फाटा तुला आठवतो का? तू सेलूला सासुरवाडीच्या लग्नाला चालला होतास, आणि पोस्टात फ्लॉपी वाकतात म्हणून मला फाट्यावर बोलावलंस. मी तीन तास उन्हात उभा, हातात जेवणाचा डबा, डब्यात एकवीस फ्लॉप्या. तुझी जीप आली. तू उतरला न्हाईस. खिडकीतून डबा घेतलास. ईश्वरीवहिनींच्या काकांनी विचारलं, हे कोण? तू म्हणालास, "कॉलेजातला माणूस आहे, सामान पोचवायला आलाय." डबासुद्धा परत आला न्हाई. मी तेव्हा मनाला समजावलं, पाहुण्यांत संकोच वाटला असेल. कसला संकोच ते मला तेव्हाही कळत होतं, शंतनु, पण दोस्तीपायी मी डोळ्यावर कातडं ओढून घेतलं.

आता निवेदनाचं. तुझं निवेदन मी फाडलं. 'मदत करताना' या दोन शब्दांवर मी सही करणार न्हाई. मी स्वतःच्या हातानं लिहिलंय, ते सोबत आहे :

'रेणुदर्शन या पानावरील सर्व दोनशे चाळीस रेणू मी, धम्मानंद किशनराव खिल्लारे, बांधले. त्यांची मापे मी व माझी पत्नी धम्मशीला यांनी पिंगळी येथील राहत्या घराच्या अंगणात घेतली. मापे घेण्याची पद्धत माझी. त्या पद्धतीत चूक होती. त्यामुळे एकशे बारा रेणू उलटे झाले. ही चूक पूर्णपणे माझी आहे.'

खाली सही, तारीख, आणि शेजारच्या बजरंग तलाठ्याची साक्ष.

हे जसंच्या तसं समितीला दे. चुकीच्या बाजूला माझं नाव लिही, खुशाल लिही, ठळक लिही. मला लाज न्हाई वाटणार. एकशे बारा ठिकाणी एकच चूक आहे म्हणजे एकशे बारा ठिकाणी एकच हात आहे, एवढं त्या पोरीला कळंल. चुकीचा धनी मी असेन तर कामाचा धनी कोण, हे समितीनंच ठरवावं.

धम्मानंद


पिंगळी,
२२ ऑगस्ट २०२४

शंतनु,

महिना उलटून गेला. कबुली मिळाली का? पोस्टात विचारलं, त्यांच्या कागदावर 'पोचलं' अशी नोंद आहे, सही ईश्वरीवहिनींची आहे. समिती काय म्हणाली? मी यायला तयार आहे. समोर बसून काचेखालून टिंबं मारून दाखवतो, मग तरी विश्वास बसंल ना? दोन ओळी लिही.

धम्मानंद


पुणे,
१० सप्टेंबर २०२४

प्रिय धम्मानंद,

उशीर झाला, क्षमस्व. धावपळ चालू होती. पण बातमी चांगली आहे. खुलासा मान्य झाला. 'रेणुदर्शन' जतन होणार, आणि समारंभ पाच ऑक्टोबरला ठरल्याप्रमाणे होणार.

तुझं कबुलीपत्र मात्र मी समितीपुढे ठेवलं नाही. राग मानू नकोस, नीट वाच. मी फार विचार केला. या वयात तुझ्या नावावर एवढी ढोबळ चूक कायमची नोंदवली जावी, हे माझ्या मनाला पटेना. तू शिक्षक माणूस. तुझे विद्यार्थी वाचतील, तुझी मुलं वाचतील. शिवाय तुझ्या निवेदनातून गैरसमज झाले असते. मानपत्र छापून झालंय, त्यात 'एकहाती निर्मिती' असा उल्लेख आहे. तुझा कागद पुढे गेला असता तर नव्यानं सगळा घोळ, पुन्हा चौकशी, आणि पान कायमचं गेलं असतं. मग तुझी-माझी दोघांची मेहनत पाण्यात.

म्हणून मी चूक माझ्यावर घेतली. समितीला सांगितलं, साधनं नव्हती, मी गावाकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत काच आणि बटर पेपर घेऊन मापं काढली, काचेखाली झोपून टिंबं मारली, त्यात डावं-उजवं बदललं. त्यांना ती हकिकत इतकी भावली म्हणून सांगू! ज्यानं चोरीचा संशय घेतला होता, तोच उठून टाळ्या वाजवायला लागला. मैत्रेयीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, सर, ही चूक दुरुस्त करायची नाही, अशीच ठेवायची. आता समारंभात दोन स्टुलं, काच, वर दिवा असं सगळं मांडणार आहेत, आणि लोकांना मी प्रात्यक्षिक दाखवणार आहे. माझी पाठ धरते, पण बघू.

तुझ्यावर आता कसलंही बालंट नाही. तुझा कागद मी फाडून टाकलाय, निश्चिंत राहा. जागा मोजक्या आहेत, त्यामुळे निमंत्रणाचं जमलं नाही. वहिनींना सांग, पुणं दाखवायला मी स्वतः घेऊन येईन कधीतरी.

तुझा,
शंतनु


पिंगळी,
१८ सप्टेंबर २०२४

शंतनु,

तुझं पत्र मी वाचलं, मग धम्मशीलाला वाचून दाखवलं. तिनं पूर्ण ऐकलं. 'काचेखाली झोपून टिंबं मारली' इथं ती म्हणाली, "आन वर कोण उभं होतं म्हणून सांगितलं त्यांनी?" मी म्हणालो, त्याबद्दल काही लिहिलं न्हाई. ती उठून आत गेली. आठ दिवसांपूर्वी तिनं शेजारणीकडून पुण्याला न्यायला पिशवी मागून आणली होती, ती परत देऊन आली.

मी मैत्रेयीला फोन लावला. संस्थेचा नंबर मनिषानं, माझ्या मुलीनं, शोधून दिला. पोरगी लय नम्र बोलली. मी म्हणालो, ती काच माझ्या घरची, ते अंगण माझं. ती म्हणाली, "हो हो, देऊळगावकर सरांनी सांगितलंय तुमच्याबद्दल. सर सुट्टीत यायचे तेव्हा तुमच्याकडे उतरायचे ना? तुम्ही लोकांनी खूप केलंत त्यांचं." मी फोन ठेवला. तिच्याशी भांडून काय करू? तुझी पत्रं आहेत, पण दोस्ताची पत्रं चव्हाट्यावर मांडायला मन घेत न्हाई, आणि माझ्या कामाचा म्हणून हातात कागदाचा कपटा न्हाई. बटर पेपर वाळवीनं खाल्ले, आणि पद्धत मी माझ्या हातानं लिहून तुला दिली, झेरॉक्ससुद्धा काढून ठेवली न्हाई. दोस्ताला पत्र लिहिताना कोण झेरॉक्स काढतो?

मला वाटलं होतं, चुकीला कुणी वाली नसतो. माणूस चुकीपासून लांब पळतो, म्हणून मी ती पुढं केली. म्हटलं, काम तर नेलंस, निदान चूक तरी माझ्या नावावर राहील आणि तिच्या मागून नाव येईल. मी तुला ओळखलं न्हाई. माझं नाव तिथं लागू नये म्हणून तू एवढी मोठी चूकसुद्धा उचलून आपल्या अंगावर घेतलीस. आणि तिच्यावर टाळ्या मिळाल्या. मी तीच चूक कबूल केली असती तर त्या माणसानं टाळ्या वाजवल्या असत्या का, सांग? तो म्हणाला असता, म्हणूनच अशा लोकांना हे काम द्यायचं नसतं.

हे मी रागानं लिहीत न्हाई. राग जुलैत होता. आता जीव बेजार झालाय. पाच तारखेला तू काचेखाली झोपशील तेव्हा वर कुणाला तरी उभं कर. उंची घेतल्याशिवाय रेणू होत न्हाई, नुसती सावली राहते. एवढं तरी बरोबर दाखव.

यानंतर पत्र पाठवू नको. आलं तर मी न फोडता परत करीन.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी पुन्हा अंगणात बसून ते एकशे बारा रेणू एकेक करून वहीत सरळ करायला घेतले. अठरा झालेत. कुणी बघणार न्हाई, ठाऊक आहे. पण झोप लागत न्हाई, काय करू? काम तू नेलंस, चूकही नेलीस. त्या चुकीची शरम मात्र तुला येईना, ती माझ्याच घरी राहिली.

धम्मानंद